पोटाच्या ऑपरेशनासाठी बोरिवलीत

देवरुखहून बोरिवलीची एस.टी. सकाळी सहाला सुटायची. माझ्या यजमानांनी पिशव्या वरच्या फळीवर चढवल्या, खिडकीशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पोचल्याचं पत्र टाक." मी मान हलवली. गाडी हलली तेव्हा ते अजून काही सांगायच्या बेतात होते, पण इंजिनाच्या आवाजात ते राहूनच गेलं.

त्यांना वाटत होतं मी हर्नियाच्या ऑपरेशनला चालले आहे. ते खोटं नव्हतं. बेंबीपाशी आतडं बाहेर डोकवायचं, शाळेत फळ्यावर लिहायला हात वर केला की कळ यायची. पण ते अर्धंच होतं. दोन वर्षांपूर्वी मला जुळं झालं होतं, दोन्ही मुलगे, आठव्या महिन्यात. दोघंही राहिले नाहीत. पोट मात्र राहिलं. पुढे आलेलं, खाली ओघळलेलं, पातळ चापून नेसलं तरी लपत नसे. नव्यानं भेटणाऱ्या बायका कौतुकानं विचारत, "कितवा गं?" पहिल्या वर्षी मी खरं सांगत असे. मग त्या ओशाळत, आणि त्यांची समजूत मलाच घालावी लागे. दुसऱ्या वर्षापासून मी "सहावा" म्हणून मोकळी होऊ लागले. एकदा वर्गातल्या मुलींनी ते ऐकलं आणि झबल्यासाठी कापड घेऊन आल्या. त्या दिवशी मी ठरवलं, हे पोट काढून टाकायचं.

कशेडीचा घाट, पोलादपूर, माणगावच्या स्टँडवर गार झालेला बटाटावडा, पुढे मिठागरांचे पांढरे ढीग. खाडीचा पूल ओलांडल्यावर देवनारच्या बाजूला कचऱ्याचा डोंगर धुमसताना दिसला. त्याच्यावर घारी घिरट्या घालत होत्या. गाडीतल्या सगळ्यांनी नाकाला पदर, रुमाल लावले. मुंबईचं पहिलं दर्शन मला हे असं झालं.

बोरिवलीला माझी नणंद, कुसुमवन्सं, दोन खोल्यांत राहायच्या. त्यांचे यजमान गिरणी बंद पडल्यापासून एका कारखान्याच्या फाटकावर बसत. वन्संची जीभ आधीच कोकणातली, त्यावर मुंबईची धार चढलेली. मी पहिल्याच संध्याकाळी त्यांना खरं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. थांबल्या नाहीत.

"म्हणजे पोट सपाट करायचं? कशाला गं, सिनेमात काम करायचंय?"

त्यांनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "बरं. जाऊ उद्या."

रुग्णालय अंधेरीला होतं, एका ट्रस्टचं. बाकावर तीन तास बसल्यावर नंबर लागला. डॉक्टर पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी मला उताणं झोपवून डोकं उचलायला सांगितलं आणि पोटाच्या मधोमध बोटं ठेवली. चार बोटं आत गेली. "जुळ्यांनी स्नायू फाकलेत," ते म्हणाले. "हर्नियाबरोबर हेही करता येईल. पण आधी नीट ऐकून घ्या. बायका निम्मं ऐकतात आणि मग रडतात."

मी ऐकलं. त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. हे वजन कमी करायचं ऑपरेशन नव्हे. बेंबीखालची सैल कातडी कापून काढायची, फाकलेले स्नायू शिवून जवळ आणायचे, वरची कातडी ओढून खाली जोडायची, बेंबीला नवं भोक पाडायचं. व्रण एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत, आणि तो जन्मभर राहणार. खालचा भाग कित्येक महिने बधिर, कदाचित कायमचा. आत पाणी साठू नये म्हणून दोन्ही बाजूंना नळ्या. पहिले पंधरा दिवस वाकून चालायचं. दीड-दोन महिने बादली उचलायची नाही. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दुसऱ्या दिवसापासून चालवणार, कितीही दुखलं तरी. साखर, तंबाखू, मिशरी यांतलं काही असेल तर आत्ताच सांगा.

"काही नाही," मी म्हणाले.

"रक्त कमी आहे. तीन आठवडे लोहाच्या गोळ्या, त्याशिवाय मी हात लावणार नाही. आणि शेवटचं. पुन्हा मूल हवंय?"

मी कागदावरच्या चित्राकडे बघत राहिले.

"हवं असेल तर हे आत्ता करू नका. पुन्हा दिवस गेले तर शिवलेलं सगळं ताणलं जाईल. मूल झाल्यावर या. मिस्टरांशी बोलला आहात?"

वन्सं माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "पत्र लिहिते."

बाहेर आलो तेव्हा बाकावरच्या एका बाईनं मला हाक मारली. जाडजूड, साठीच्या आसपासची, गळ्यात क्रूस, लुगडं कोळणीसारखं घट्ट. "बाय, तुझं पन पोटाचं? माझं बी याच डाक्टरनं केलं. वरीस झालं." तिचं नाव आग्नेस. गोराईची. तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या, घरात मराठीच बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबातली. तिचा हर्निया मोठा होता, म्हणून तिचंही पोट असंच शिवलं होतं. "डाक्टर सांगतो ते खरं. पन डाक्टर कापतो, तो सोसत नाय. तू माझे घरी ये. मी सांगीन सगळं."

रविवारी वन्संना घेऊन गेले. बोरिवलीहून खाडीपर्यंत बस, तिथून होडी. भरती ओसरली होती. दोन्ही काठांना तिवरं उघडी पडली होती आणि चिखलावर निवट्या (चिखलात उड्या मारत चालणारे मासे) टुणटुणत होत्या. उतरताना माझी चप्पल चिखलात रुतली ती निघेचना. वन्संनी दंडाला धरून मला बाहेर ओढलं. "वाट लागली चपलेची! ऑपरेशनआधीच हिची कंबर मोडते बघ." होडीवाला हसला, मीही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले होते.

आग्नेसच्या दारात बांबूंवर बोंबील वाळत होते. तिनं फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल पाव) आणि कोलंबीचं लालभडक कालवण वाढलं. जेवण झाल्यावर दार लोटून तिनं मला आपला व्रण दाखवला. कमरेपासून कमरेपर्यंत, मध्ये किंचित वाकडा.

"हितं बोट लाव," ती म्हणाली. "मना कळत नाय. दुसरीचं अंग असल्यावानी. खोकला आला का पोटावर उशी दाबून धरायची. शिंक आली तरी तेच. हसायचं नाय, रडायचं नाय. आनि उठताना कुशीवर होऊन उठायचं. येवढं कर, बाकी देव बगतो."

मग तिनं विचारलं, "पोरं किती तुला?"

मी सांगितलं. तिनं "अरे देवा" वगैरे काही म्हटलं नाही. पायांत चपला घातल्या आणि आम्हाला चर्चमागच्या दफनभूमीत घेऊन गेली. भिंतीच्या कडेला लहान लहान क्रूस होते, काही नुसते लाकडाचे. एकापाशी ती थांबली. "हा माझा. बारा दिसांचा. आता असता तर चाळीस वर्सांचा झाला असता." क्रूसावर पडलेली पानं तिनं झाडली. "तुझे कुठं पुरले?"

मला माहीत नव्हतं.

रत्नागिरीच्या रुग्णालयात पोट फाडून मुलं काढली तेव्हा मी बेशुद्ध होते. जागी झाले तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, आणि ह्यांनी सगळं उरकलं होतं. मी कधी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. दोन वर्षं एका घरात जेवलो, झोपलो, आणि हा प्रश्न आमच्यात एकदाही आला नाही. त्या परक्या बाईनं तो इतक्या साधेपणानं विचारला, जणू माहेर कुठलं विचारावं.

परतताना होडीत मी खाडीकडे तोंड करून बसले. वन्संनी माझ्या पाठीवर हात ठेवला तो काठ येईपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना अंतर्देशीय पत्र लिहिलं. आधी डॉक्टरांचं सगळं लिहिलं. मग लिहिलं, की हे ऑपरेशन केलं तर पुढे मूल नको, आणि मलाही पुन्हा त्या वाटेनं जायचं बळ नाही. पण तुम्हाला हवं असेल तर मी परत येते. शेवटी जागा उरली होती तिथे लिहिलं, "त्यांना कुठे ठेवलंत?"

पुढचे दिवस पोस्टमनची वाट बघण्यात गेले. वन्सं मला नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, खजूर असं रेटून खायला घालत होत्या. संध्याकाळी कान्हेरीच्या डोंगरापर्यंत फिरवून आणत. कितीदा तरी वाटलं की पत्र येणारच नाही, किंवा सासऱ्यांच्या अक्षरात येईल.

नवव्या दिवशी आलं. ह्यांच्याच अक्षरात, पाच-सहा ओळी.

"सौ. सुमन हिस आशीर्वाद. मूल हवं असं मी म्हणत आलो ते तुला धीर यावा म्हणून. तुला हवं असेल असं मला वाटत होतं. ऑपरेशनच्या कागदावर सही कर. दोघांना वरच्या बागेत पाटाच्या कडेला एकत्र ठेवलं आहे. अण्णांनी खूण ठेवू दिली नाही, पण मला जागा माहीत आहे. दर रविवारी पाटाचं पाणी बघून येतो म्हणून जातो, तो तिथेच जातो. आलीस की दाखवतो."

मी पत्र वन्संच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "माझा भाऊ. तोंड म्हणून नाही मेल्याला."

गोळ्यांचे तीन आठवडे संपले आणि ऑपरेशन झालं. त्याबद्दल मला सांगता येण्यासारखं काही नाही. एका पांढऱ्या दिव्याखाली मी आकडे मोजू लागले आणि पाचाच्या पुढे गेले नाही. नंतरचं मात्र सगळं आठवतं. दोन्ही बाजूंच्या नळ्या, त्यांच्या टोकाला गुलाबी पाण्याच्या बाटल्या. दुसऱ्या दिवशी सिस्टरनं उठवलं तेव्हा पोट कुणी दोरीनं पायाला बांधलंय असं वाटलं. मी कमरेत वाकून कॉटपासून दारापर्यंत गेले आणि परत आले. आग्नेसनं सांगितलं होतं तसं कुशीवर होऊन उठले. आठव्या दिवशी नळ्या काढल्या आणि दहाव्या दिवशी एका बाजूला पुन्हा पाणी साठलं. डॉक्टरांनी सुईनं ते ओढून काढलं. असं तीनदा झालं. "होतं कधीकधी," ते म्हणाले, "तुम्हाला आधी सांगितलं होतं." खरंच सांगितलं होतं.

टाके काढले त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट खाली पाहिलं. पोट सपाट होतं. बेंबी नवी, लहान, कुणा दुसऱ्याच बाईची. खाली लाल व्रण. आणि त्याखेरीज काही नाही.

आधी बेंबीखाली पांढऱ्या रेघा होत्या. पोट ताणलं तेव्हा पडलेल्या, ओल्या वाळूवर पाणी ओसरून जावं तशा. मी त्यांच्याकडे कधी प्रेमानं पाहिलं नव्हतं. साबण लावताना नजर दुसरीकडे वळवत असे. त्या दोघांचा फोटो नव्हता, झबलं नव्हतं, नाव नव्हतं. त्यांनी या जगात मागे ठेवलेलं काही असेल तर त्या रेघा होत्या.

मी सिस्टरला विचारलं, "काढलेली कातडी कुठं असते?"

तिला प्रश्न कळला नाही. "ती? जाळतात बाई. का?"

मला रडू फुटलं. रडताना पोट आवळलं आणि कळ उठली, तसं मी ओठ दाबून धरले. वन्सं स्टुलावर बसल्या होत्या. त्यांना काय झालं ते न सांगता कळलं असावं. त्या उठल्या, उशी घेतली, माझ्या पोटावर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली आणि म्हणाल्या, "रड आता. टाके मी सांभाळते."

किती वेळ रडले ठाऊक नाही. त्यांचे हात भरून आले तरी त्यांनी उशी सोडली नाही.

पुढे तीन आठवडे मी वन्संच्या घरी होते. रोज सकाळी त्या माझ्या पोटाला पट्टा बांधत, अंग पुसून देत, बादलीला हात लावू देत नसत. हळूहळू कंबर सरळ झाली. आग्नेस एकदा सुका जवळा घेऊन येऊन गेली. तिनं मला उभं करून पुढून मागून पाहिलं आणि म्हणाली, "झकास. पन तोंड उतरलं."

ह्यांनी न्यायला येतो म्हणून कळवलं आणि खरंच आले. सबंध प्रवासात माझ्या मांडीवर पिशवीसुद्धा ठेवू दिली नाही.

गावात परतल्यावर बायका बघायला आल्या. त्यांतल्या दोघी-तिघींनी मागाहून एकेकटीनं येऊन हळूच विचारलं, आम्हालाही करून घेता येईल का? मी त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, व्रण, नळ्या, बधिरपणा, पाणी साठणं. पोटाचं दुखणं गेलं हेही सांगितलं, कारण ते खरंच गेलं होतं. फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत आता माझा हात जातो. पश्चात्ताप होतो का, असंही एकीनं विचारलं. नाही होत. पण कापायच्या आधी एकदा आरशासमोर उभं राहून सगळं नीट पाहून घे, एवढं मी तिला म्हणाले.

आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही वरच्या बागेत गेलो. ह्यांनी चढावर माझा हात धरला होता. पाटाच्या कडेला, दोन कलमांच्या मध्ये, ते थांबले. तिथे खूण अशी काहीच नव्हती. पालापाचोळा तेवढा बाजूला सारलेला होता.

"कोण कुठल्या बाजूला?" मी विचारलं.

"थोरला इकडे," ते म्हणाले. मग वाकून तिथलं एक नवं पडलेलं पान उचललं. "तो रडला होता. तू शुद्धीवर नव्हतीस. चांगला खणखणीत रडला. तासभर होता माझ्या हातात."

मला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. माझा मुलगा रडला होता. मी तिथे बसू पाहिलं, पण व्रण ताणला आणि गुडघे वाकेनात. ह्यांनी मला सावरलं. बसता येत नव्हतं म्हणून मग आम्ही दोघं उभेच राहिलो, आणि त्याचा आवाज कसा होता ते मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहिले.