चकलांब्याचा पंपवाला बंकट

चकलांब्याच्या विठ्ठलराव देशमुखांनी विहिरीवर इंजिन बसवलं, तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि आसपासच्या गावांत दुसरं इंजिन नव्हतं. ते चालवायला त्यांनी बंकटला आणलं. धनगराचं पोर, लहानपणी मेंढरांमागं हिंडलं, पुढं बीडच्या कापसाच्या जिनात पडेल ते काम करत इंजिन शिकलं. इंजिन वर, पंप विहिरीतल्या ओट्यावर, दोन्हींमध्ये चामड्याचा लांब पट्टा. बंकट दिवसभर पायऱ्या चढायचा आणि उतरायचा.

पंप आला तशी मोट थांबली. मोट हाकणारा सटवा वैरण कापायला लागला. तो बंकटशी बोलत नसे. सुरुवातीला बंकटला ते लागायचं. मग तेही लागेनासं झालं.

एका वर्षी पावसानं ओढ दिली. उन्हाळ्यात बाकीच्या विहिरी आटल्या आणि गावची सगळी जनावरं देशमुखांच्या हौदावर यायला लागली. पंपाला उसंत राहिली नाही, बंकटलाही नाही. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो, तिथं दोरी ठासलेली असते. तिच्यातून पाणी ठिबकायचं, ओटा निसरडा व्हायचा. चढउतारानं गुडघे आखडलेला बंकट पुन्हा पुन्हा खाली जाऊन बघायचा. एके सकाळी तो इतका वैतागला, की त्यानं पाना लावून तिथले बोल्ट करकचून आवळले. ठिबक थांबली. त्याला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पट्टा घसरायला लागला. जळक्या चामड्याचा वास आला. बंकटनं इंजिन बंद केलं, पट्टा उतरवला, चाक हातानं फिरवलं. ते सहज फिरलं. म्हणजे अडलं होतं खाली. उतरून त्यानं पट्टा बसतो ती पंपाची कप्पी धरली; ती तसूभरही हलली नाही. आत खडा गेला असेल म्हणून पंप उघडला. आत सगळं स्वच्छ होतं. तेव्हा त्याची नजर कालच्या बोल्टांवर गेली.

वर जनावरं हंबरत होती. विठ्ठलरावांनी सटवाला बोलावणं धाडलं. वाळून ताठ झालेली मोट भिजवून त्यानं बैल जुंपले. मोट खाली-वर जायला लागली, तिचं पाणी बंकटच्या अंगावर सांडत राहिलं. त्यानं बोल्ट सैल केले. वाकड्या तारेनं कोळसा झालेली दोरी टोकरून काढली. दांड्यावर घासलेट ओतलं आणि ते मुरेपर्यंत भिंतीला टेकला.

बैलांना विसावा देताना सटवानं वरून विचारलं, "कावून आडकला रं?"

इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा बोलला होता.

"म्याच आवळला," बंकट म्हणाला. "थेंब थेंब गळाया पायजे त्यो. त्याच पाण्यानं दांडा गार ऱ्हातो. मला उतरायचा लई कटाळा आलता."

सटवानं कासरा हातात घेतला. मग म्हणाला, "जनावराचं म्या बघतो. तू बस घडीभर."

बंकटनं डोळे मिटले. उठला तेव्हा ऊन कललं होतं. कप्पीत पहार अडकवून त्यानं जोर लावला; कप्पी कुरकुरली, जराशी सरकली, मागंपुढं करता करता मोकळी झाली. दांड्यावर चरे पडले होते. सटवानं गाडीच्या चाकाचं वंगण आणि सुताची दोरी खाली सोडली. दोरी वंगणात भिजवून बंकटनं ती ठासली, बोल्ट हातानं लागतील तेवढेच लावले.

विठ्ठलरावांना त्यानं आपली चूक सांगितली. दांडा खराब झालाय, आता पंप रोज अर्धाच दिवस चालवता येईल, हेही सांगितलं. रागावून उपयोग नव्हता, इंजिन जाणणारा दुसरा कोणी नव्हता. उरलेला अर्धा दिवस मोट चालू ठेवायला त्यांनी सटवाला सांगितलं.

पुढं दोघं एकाच लिंबाखाली भाकरी सोडायचे. फारसं बोलायचे नाहीत. बंकटचे गुडघे काही बरे झाले नाहीत. पण जेवण झालं की सटवा पानाला चुना लावता लावता उठायचा आणि विहिरीत उतरून पंप बघून यायचा.