ओळीच्या टोकाशी

चक्रीकाकांना तळघरात बसवलं, त्या दिवसापासून टायपिस्टबाईंची झोप उडाली.

चक्रीकाका म्हणजे कॉलेजच्या ऑफिसात सायक्लोस्टाइल यंत्राची मूठ फिरवून परीक्षेचे पेपर छापणारे गृहस्थ. "कॉम्प्युटर? या वयात? मला नाही जमायचं," असं त्यांनी प्राचार्यांना तोंडावर सांगितलं, आणि लगोलग त्यांची खुर्ची तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत गेली. तिथे खिडकी नव्हती, फोन नव्हता, आणि माणूस तर औषधालाही मिळत नव्हता. गठ्ठ्यांवरची धूळ झटकायची आणि घंटा व्हायची वाट बघायची, एवढंच काम.

"तुमचं काय, बाई?" प्राचार्यांनी विचारलं होतं.

"मी शिकेन," बाई म्हणाल्या. बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण काय कबूल करून बसलो ते.

ठरलं ते असं. पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर कॉम्प्युटरच्या तासाला बसायचं आणि सत्राच्या शेवटी त्यांच्यासारखीच परीक्षा द्यायची. पास झाल्या तर खिडकीजवळचं टेबल त्यांचंच, टाइपरायटरच्या जागी कॉम्प्युटर. नापास झाल्या तर चक्रीकाकांना सोबत.

कॉम्प्युटरची खोली जिन्याच्या टोकाला होती. चपला बाहेर काढायच्या, आत गारठा, पडदे ओढलेले. ज्या मुलांचे दाखले बाईंनी स्वतः टाइप केले होते, ती मुलं भराभर बटणं दाबत हसत असायची. बाई मात्र माउस असा धरायच्या, जणू कुणी पाखरू हातात दिलंय आणि ते मरता कामा नये. पहिल्याच दिवशी माउस सरकवता सरकवता टेबलाची कड आली. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा बाण अर्ध्यातच अडकला.

"अगं, टेबल संपलं," शेजारच्या चष्मेवाल्या मुलीच्या कानात त्या कुजबुजल्या.

मुलीने ओठ दाबून हसू गिळलं. "काकू, उचला आणि मागे ठेवा. काही होत नाही."

'काही होत नाही' हेच बाईंना पटायचं नाही. आपलं बोट चुकीच्या जागी पडेल आणि कॉलेजची सगळी कागदपत्रं नाहीशी होतील, अशी त्यांना धास्ती होती. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सरांनी दहादा समजावलं, तरी तासाला जाताना त्या जिन्यातच रेंगाळायच्या. तळव्यांना घाम सुटला की त्या ते पदराला पुसायच्या, आणि परत सुटायचा.

टायपिंगला मात्र त्यांचा हात कोण धरणार? खडखडखड, बघता बघता पानभर पत्र तयार. मुलं बघत राहिली. सरही खूश झाले. वयाने ते बाईंच्या मुलाएवढे होते.

"छान, बाई. आता अक्षर जरा मोठं करा बघू."

बाईंनी सांगितल्याप्रमाणे केलं आणि पत्राची दैना उडाली. एक ओळ लांब, पुढची दोनच शब्दांची, परत लांब, परत तुटकी.

"मी काही मोडलं का हो?" बाईंचा आवाज चिरकला.

"तुम्ही प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर दाबलंत. दाबायचं नाही. ओळ भरली की शब्द आपोआप खाली जातो."

आपोआप! टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते, ती ऐकून दांडा ओढायचा. तो ओढला नाही तर अक्षरं एकाच जागी एकावर एक बसतात आणि पानाचा सत्यानाश होतो. शिकताना त्यासाठी त्यांनी बोटांवर पट्टी खाल्ली होती. इथे घंटी वाजत नव्हती, पण त्यांच्या डोक्यात ती वाजायचीच, आणि उजव्या हाताची करंगळी जाऊन एंटरवर पडायची. मनाशी पक्कं ठरवलं तरी पडायची. परीक्षा जवळ आली, तरी करंगळी काही ऐकेना.

"मी तळघरात जाणार," एका संध्याकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या.

नवरा शिंपी. तो काजं करत बसला होता. "तुझी करंगळी तुझं ऐकत नाही? मीसुद्धा इतकी वर्षं सांगतोय, कोण ऐकतंय या घरात?"

"अहो, थट्टा सुचतेय तुम्हाला!"

तेव्हा त्याने सुई बाजूला ठेवली. "इकडे ये. आमच्यात शिकाऊ माणसाचं मधलं बोट वाकवून बांधतात. बोटात अंगुस्तानाची टोपी घालून सुई ढकलायची तर बोट वाकलेलं हवं, आणि ते आपणहून वाकत नाही. माझंही बांधलं होतं. रडलो होतो मी." त्याने कापडाची एक पट्टी घेऊन बाईंची करंगळी शेजारच्या बोटाला बांधली. "बघ आता, कुठे पळते ती."

खरंच पळाली नाही. नवा परिच्छेद आला की बाई दुसरा हात आणून एंटर दाबायच्या. "काकू, काय लागलं?" चष्मेवालीने विचारलं. "दारात सापडलं," बाई म्हणाल्या आणि लाल झाल्या.

परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक आल्या. काळ्या काठाची साडी, आवाज कोरडा. खोलीत फिरता फिरता त्या बाईंच्या मागे थांबल्या.

"हाताला काय झालंय? दुखापत असेल तर पुढच्या सत्रात बसा. मी तसं लिहून देते."

पुढचं सत्र म्हणजे तोवर तळघर. बाई घाईने म्हणाल्या, "दुखत नाही. सवय मोडायला बांधलंय. ओळीच्या शेवटी बोट आपोआप पडतं."

"मग सोडा. असं बांधून परीक्षा देता येणार नाही."

गाठ सुटेना. शेवटी बाईंनी ती दातांनी ओढली. मोकळी करंगळी पांढरी पडली होती. बाईंनी टाइप करायला सुरुवात केली. ओळ कडेला यायला लागली की डोक्यात घंटी वाजायची. त्या श्वास कोंडून बोट वर धरायच्या, अन् शब्द गुपचूप खाली उतरायचा. परत तेच. एकेक ओळ म्हणजे न दिसणारी पायरी उतरण्यासारखं होतं.

पान संपलं. परीक्षकांनी वाकून माउस घेतला आणि समास रुंद केला. बाईंनी डोळे गच्च मिटले.

"हे काय?"

बाईंनी डोळे उघडले. सगळ्या ओळी शहाण्यासारख्या सरकल्या होत्या. मधोमध एक मात्र अर्ध्यात तुटलेली, पडलेल्या दातासारखी. करंगळीने कधी डाव साधला ते त्यांना कळलंही नव्हतं.

"बोट पडलं," त्या म्हणाल्या. क्षणभर पडद्यावरचं काही दिसेनासं झालं. तळघराचा कुबट वास मात्र नाकात भरला होता. पण लगेच उजवा हात पुढे गेला. बाण तुटक्या ओळीच्या टोकाशी नेला, टिचकी मारली, एक बटण दाबलं. खालची ओळ वर येऊन चिकटली.

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "ठीक आहे. पुढे चला."

निकाल लागला त्या दिवशी बाई तळघरात उतरल्या. चक्रीकाका गठ्ठ्यावर बसून चहा पीत होते.

"काय गं, येतेयस का खाली? खुर्ची पुसून ठेवू?"

"नाही काका, पास झाले. पण भीती काही गेली नाही हो."

"मग काय, माझ्यासारखं बसायचंय बिनधास्त?" काका म्हणाले आणि चहाचा कप त्यांनी उगाचच फिरवला.

बाई वर आल्या. खिडकीजवळच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून झाला होता आणि प्राचार्यांचं पत्र वाट बघत होतं. त्यांनी तळवे पदराला पुसले. पहिली ओळ कडेला आली, करंगळी वर उठली, आणि तशीच अधांतरी राहिली.