कळस दिसला तिथून माघारी

ऑफिस बावधनला आणि खोली मालेला, असं माझं उलटं बिऱ्हाड होतं. लोक ऑफिसजवळ घर शोधतात, मी डोंगराजवळ शोधलं. मी लातूरकडचा, सपाटीवर वाढलेला. नोकरीसाठी पुण्यात आलो, एका रविवारी मित्रांबरोबर एक किल्ला चढलो आणि वेडाच झालो. २००४ साली पौडच्या पुढे माले गावात एका शेतकऱ्याच्या घराला लागून असलेली खोली भाड्याने मिळाली. मोटारसायकलवरून रोज जाऊन-येऊन कंबर मोडायची, पण सकाळी दार उघडलं की समोर डोंगर. मला तेवढं पुरे होतं.

घरमालकांना मी काका म्हणायचो. वय पंचावन्नच्या पुढे, अंगाने काटक, बोलणं मोजकं. त्यांच्या वडिलांना केदारनाथला जायचं होतं, ते राहून गेलं. शेवटच्या दिवसांत त्यांनी मुलाकडून शब्द घेतला, की आपल्या खाचरातला मूठभर आंबेमोहोर केदारासमोर नेऊन ठेवायचा. त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. दरवर्षी भात झोडून झाला की काका तांदळाची एक पुरचुंडी बांधून देव्हाऱ्यात ठेवायचे आणि आदल्या वर्षीची सोडून त्याची खीर करायचे. जायचं कुणाबरोबर, एवढंच अडलं होतं. यात्रा कंपनीच्या बसवर त्यांचा विश्वास नव्हता. माझ्यावर बसला.

त्याला कारण मीच. हिमालयात मी उभ्या आयुष्यात एकदा, एका गटाबरोबर आठ दिवस जाऊन आलो होतो, आणि त्या आठ दिवसांवर काकांच्या ओसरीत बसून दोन वर्षं फुशारक्या मारत होतो.

२००६ च्या मे महिन्यात, पेरणीच्या आत जायचं ठरलं आणि माझी शिकवणी सुरू झाली. रविवारी घरामागच्या डोंगरावर सराव. सराव कुणाला हवा होता ते पहिल्याच रविवारी कळलं. काका वर पोचून तंबाखू मळत बसले होते आणि मी अर्ध्या वाटेत धापा टाकत होतो. तरी मी गुरुजीपणा सोडला नाही. त्यांना सांगितलं, की तिथं नुसते पाय बळकट असून भागत नाही, हवाच विरळ असते, धट्टाकट्टा माणूसही आडवा होतो. हळू चालायचं. तहान नसली तरी पाणी प्यायचं. चढण्याआधी एक दिवस पायथ्याशी राहून अंगाला सवय होऊ द्यायची. डोकं दुखलं तर लपवायचं नाही, आणि दुखत्या डोक्याने वर तर अजिबात जायचं नाही. तोल जाऊ लागला, बोलणं भरकटलं, की तिथूनच खाली यायचं. तोल कसा बघायचा तेही शिकवलं. जमिनीवर रेघ ओढायची आणि तिच्यावरून पावलाला पाऊल लावून चालायला सांगायचं. काकांनी लगेच अंगणात काठीने रेघ ओढली आणि चालून दाखवलं. काकूंची हसून पुरेवाट झाली. दारुड्याला बी असंच चालाया लावत्यात, म्हणाल्या. काका हसले नाहीत. माझा शब्द न् शब्द ते मनावर घेत होते.

जाताना आमची गाडी उत्तरेत कुठेतरी अडकून पडली, पुढे डोंगरात दरड कोसळली होती म्हणून बसने आणखी वेळ खाल्ला. गौरीकुंडला, म्हणजे जिथून चढण सुरू होते तिथे, पोचलो तेव्हा मुक्कामाचा राखून ठेवलेला दिवस खर्ची पडला होता. काकांनी आठवण करून दिली, "आज हितं ऱ्हायाचं व्हतं ना?" मी म्हणालो, आपण मावळातली माणसं, आपल्याला डोंगर काय नवीन, एका दिवसाने काय बिघडतंय. मी लातूरचा, पण 'आपण मावळातली' म्हणताना मला लाजही वाटली नाही. खरं कारण माझी रजा होती. साहेबाने ती तोंड वाकडं करून दिली होती आणि एक दिवस वाढवून मागायची मला छाती नव्हती.

रामबाड्याला, निम्म्या वाटेवर, माझं डोकं ठणकू लागलं. चहाच्या टपरीमागे जाऊन मी गुपचूप गोळी घेतली. चेहरा बघून काकांनी विचारलं, तर पित्त झालंय म्हणालो. आपल्याकडे डोकेदुखीला पित्त हे उत्तर कायम तयार असतं आणि समोरच्यालाही ते पटतं. काका दर चार वळणांनी थांबून दोन घोट पाणी प्यायचे आणि बाटली माझ्यापुढे धरायचे. मी नको म्हणायचो. भरीस भर म्हणून त्यांची पिशवीही मीच खांद्यावर घेतली होती. पुढारी मी होतो ना.

दुपार कलली होती. एका वळणावर अचानक पुढची माणसं थांबून हात जोडू लागली. समोर बर्फाच्या पांढऱ्या भिंतीखाली देऊळ दिसत होतं. काकांनी पायातल्या वहाणा काढल्या. डोळे भरून आले होते त्यांचे. मी त्याच वेळी वाटेच्या कडेला बसून ओकत होतो. उठलो तर पाय कुठे पडतायत ते कळेना. काका काय होतंय विचारत होते आणि मी त्यांना पौडची एसटी किती वाजता सुटते ते सांगत होतो. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मला आठवते ती काठी. त्यांनी वाटेवरच्या मातीत रेघ ओढली आणि चाल म्हणाले. तिसऱ्या पावलाला मी कठड्यावर जाऊन आदळलो.

मग त्यांनी मला काही विचारलं नाही. पाठीवरच्या टोपलीत माणूस बसवून नेणारे कंडीवाले त्या वाटेवर असतात. त्यातला एक रिकामा खाली चालला होता, त्याला थांबवून काकांनी मला टोपलीत बसवलं, अंगाभोवती स्वतःची घोंगडी गुंडाळली. देऊळ तिथून फार तर पाऊण तासावर. ते एकदा तिकडे बघायचे, एकदा माझ्याकडे.

"तू ह्याच्यासंगं म्होरं हो," ते म्हणाले. "मी दर्सन घिऊन लगी येतो, रामबाड्यात गाठतो तुला. जाशील न्हवं?"

माझं डोकं फुटत होतं, पण तेवढ्या प्रश्नापुरता मी पूर्ण शुद्धीवर होतो. कंडीवाला दणकट होता, वाट माणसांनी भरलेली होती. खाली उतरत गेलं की बरं वाटायला लागणार हेही मला माहीत होतं, मीच तर ते सगळ्यांना सांगत फिरायचो. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "नको काका. मला सोडून जाऊ नका."

आजाऱ्याला एकटं सोडू नये, हा नियमच आहे, असं मी स्वतःला पुढे कितीदा तरी समजावलं. पण मी तेव्हा नियम आठवून बोललो नव्हतो. मी भ्यालो होतो. काकांनी देवळाकडे तोंड करून नमस्कार केला, वर निघालेल्या सोलापूरकडच्या एका बाईच्या पदरात तांदळाची पुरचुंडी घातली, वडिलांचं नाव सांगितलं आणि टोपलीला हात लावून माझ्याबरोबर खाली चालू लागले.

संध्याकाळी गौरीकुंडला मी खिचडी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी तर ठणठणीत होतो. काका धर्मशाळेच्या पायरीवर बसून वर जाणाऱ्या वाटेकडे बघत होते. एक दिवस. मी एक दिवस थांबू म्हणालो असतो तर ते एकटे चढून संध्याकाळपर्यंत परत आले असते, एवढी धमक त्यांच्यात होती. मी खिशातून परतीचं रिझर्वेशन काढलं आणि तारीख दाखवली.

"आसू दे," ते म्हणाले. "पुढल्या साली यिऊ."

आदल्या दिवशीच्या मला मी कधीमधी माफ करतो, आजारी होतो म्हणून. या सकाळच्या मला अजून करता आलेलं नाही.

मालेला पोचलो तर ओसरीवर माणसं जमलेली. दर्शन कसं झालं, विचारू लागली. मी तोंड उघडायच्या आत काका बोलून गेले, की आपलंच डोकं धरलं, चक्कर आली, या पोराने हट्टाने खाली आणलं नाहीतर तिथंच राहिलो असतो. मी सॅक पाठीवर तशीच घेऊन उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नंतर एकट्यात मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, तू परका मानूस हायेस गावात, तुला कशापायी हसू द्यायचं लोकांना. रात्रीपर्यंत खरं सांगू, असं मी ठरवलं. मग उद्या सांगू असं ठरवलं. मग ते अंगवळणी पडलं.

पुढे तर कहर झाला. आसपासच्या गावांतून कुणी चारधामला निघालं की माझ्या खोलीवर येऊन सल्ला विचारू लागलं. मी त्यांना चहा पाजून सगळं नीट सांगायचो. पाणी प्या, पायथ्याचा मुक्काम चुकवू नका, पित्त म्हणून डोकेदुखी अंगावर काढू नका. सल्ला चोख असायचा. काका शेजारी बसून मान डोलवायचे.

पुढल्या साली माझ्या ऑफिसात कामाचा डोंगर होता. त्याच्या पुढल्या साली, २००८ मध्ये, काकांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मी बावधनला फ्लॅट घेतला, तरी दर रविवारी भेटायला जायचो. त्यांची जीभ जड झाली होती. केदारनाथचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. २००९ च्या अखेरीस ते गेले.

तेराव्याला पंगत उठल्यावर काकूंनी मला आत बोलावलं. माझे दोन्ही हात हातात घेतले.

"तू व्हतास म्हनून तवा माघारी आलं ते," त्या म्हणाल्या. "तीन-साडेतीन वर्सं जास्तीची दिलीस मला. मी इसरायची न्हाई."

मी वाकून त्यांच्या पाया पडलो आणि म्हणालो, "काकांनी माझं ऐकलं म्हणून."