राणीची मुलं

आमच्या घरी माग होता. वडील लुगडी विणायचे, आई त्यासाठी सुताच्या कांड्या भरायची, आणि मी वडिलांच्या हट्टामुळे नन चालवत असलेल्या मुलींच्या शाळेत जायची. देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती. त्या वर्षी शाळेत एका संत राणीच्या आयुष्यावर नाटक बसलं आणि राणीचं काम माझ्याकडे आलं.

ही फार जुन्या काळातली, हंगेरीची राजकन्या. लहानपणीच तिला परमुलखात सासरी धाडलेलं. ती पदराआड लपवून गरिबांना भाकरी न्यायची. एकदा वाटेत नवऱ्यानं विचारलं, पदरात काय आहे? ती म्हणाली, फुलं. पदर उघडला तर खरंच गुलाब. मला हे काही कळेना. ती खोटं बोलली होती आणि देवानं ते खोटं खरं केलं होतं. शिवाय भाकरीची फुलं झाल्यावर उपाशी माणसांनी त्या दिवशी काय खाल्लं? नाटक बसवणाऱ्या सिस्टरना विचारलं, तर त्या म्हणाल्या, आधी संवाद पाठ कर.

पुढे नवरा युद्धाला जाताना वारला. राणीनं मुलं दुसऱ्यांच्या हवाली केली, जाडंभरडं नेसली आणि रोग्यांची सेवा करत राहिली. तिचा मुलांना निरोप देण्याचा प्रवेश मी घरी घोकत होते. आईनं कांडीचा रहाट थांबवला.

“पोरं कोनापाशी ठेवली तिनं?”

“लोकांपाशी.”

“मंग ते संत काहून झाली?”

“सिस्टरना ठाऊक,” मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी आई माझ्याबरोबर शाळेत आली. याआधी ती तिथे कधीच आली नव्हती. सिस्टर परदेशातल्या, मोडकं हिंदी बोलणाऱ्या. दोघींच्या मधे उभी राहून एकीचं दुसरीला मीच सांगत होते. आईनं विचारलं, “त्या पोराइले कोनी इचारलं का, तुमची माय जाऊन राहिली म्हणून?”

सिस्टरनी हातातली संवादांची वही मिटली. मग म्हणाल्या की, ही गोष्ट त्यांनी कितीतरी मुलींना शिकवली, पण हे कधी मनात आलं नाही.

तेव्हा आई जे बोलली ते मी प्रथमच ऐकलं. माझी आजी, म्हणजे आईची आई, वारली असं मी समजत होते. ती जिवंत होती. विधवा झाल्यावर तिनं लहानग्या लेकीला उमरेडला आपल्या भावाकडे ठेवलं आणि मठात दीक्षा घेतली. लोक तिच्या पाया पडत. लग्नानंतर आई एकदा दर्शनाला गेली, सगळ्यांसारखी रांगेत उभी राहिली. आजीनं हातावर प्रसाद ठेवला आणि म्हणाली, पुढं हो, बाई.

“मले वळखलं का नाही, अजून समजत नाही,” आई म्हणाली.

हे हिंदीत कसं सांगावं, मला सुचेना. पण सिस्टरना बहुधा कळलं होतं. आपणही घर सोडून आलो, आपली आई निरोपाला बंदरावर उभी होती, असं काहीसं त्या म्हणाल्या आणि त्यांनी आईचा हात धरला. आईनं तो सोडवून घेतला नाही, धरलाही नाही.

माझं काम जाईल असं वाटलं होतं, पण आई म्हणाली, कर. नाटकाला ती पुढेच बसली. निरोपाच्या प्रवेशात मागे न बघता निघून जायचं होतं. मी बघितलं. आईनं मान हलवली, नाही म्हणून. जाऊ नको, की माझ्याकडे बघू नको? मी तशीच उभी राहिले. धाकट्या मुलाचं काम करणारी पोर माझा पदर धरून खरंखुरं रडायला लागली आणि कोणीतरी पडदा ओढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना आई वाटेत म्हणाली, “तुले कधी जायचं असन तर जाजो. पन सांगून जाजो.” मी कुठे जाणार होते? मला उगाचच रडू आलं.

काही महिन्यांनी ती वडिलांना घेऊन मठात जाऊन आली. म्हातारीला आता दिसत नाही, एवढंच म्हणाली. मी विचारलं, आवाजावरून तरी ओळखलं का?

“मी बोललीच नाही,” आई म्हणाली आणि हातपाय धुवायला मागे गेली.