बाटलीवर न लिहिलेला माणूस

पाचोऱ्याच्या एका कृषी केंद्रात ती मला एकदाच भेटली. सत्तरीची असेल, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो, पण त्या दिवशी घरच्या कपाशीसाठी औषध घ्यायला गेलो होतो. दुकानदाराला म्हणालो, "आज संध्याकाळी कालवून ठेवतो, सकाळी फवारतो."

शेजारी उभ्या असलेल्या तिने माझ्या हातातली बाटलीच घेतली आणि एका ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं, "आफ्टर मिक्सिंग, यूज इमिजिएटली. कालवल्यावर लगेच मारनं, भाऊ. रातभर ठेवं ते वाया गयं."

मी ओशाळून हसलो. "अक्का, इंग्रजी कुठे शिकलात?"

"बाटल्यासवर," ती खुशीत म्हणाली. "आफ्टर, व्हाइल दिसनं का थांबानं. कालवनारा कोन, हाई लिखेल नही ऱ्हास. तो आपन वळखाना."

करणारा कोण हे न लिहिलेली, पण ओळखायची, अशीच इंग्रजी वाक्यं वर्गात समजावताना माझा अख्खा आठवडा गेला होता. दुसऱ्या दिवशी मी तिने वाचलेली बाटलीवरची ओळ फळ्यावर लिहिली आणि विचारलं, "यात मिक्सिंग कोण करणार?"

मागच्या बाकावरची एक मुलगी पटकन म्हणाली, "सर, जो वाचतोय तो."