बदलीशिवाय फोटो नाही

आमच्या चंदीगडच्या मराठी मंडळात एक गमतीचा नियम होता. खो-खोत नाव काढलेल्या बाईचा फोटो मंडळाच्या खोलीत भिंतीवर लागायचा, पण कधी, तर तिच्या नवऱ्याची बदली झाल्यावर. आधी निरोप, ओटी, श्रीखंड-पुरी, आणि ती गाडीत बसून गेली की मागाहून फ्रेम. आम्ही बहुतेक केंद्र सरकारच्या नोकरदारांच्या बायका, दर तीन-चार वर्षांनी बोचकी बांधणाऱ्या. त्यामुळे नियमात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

मी लग्न होऊन मिरजेहून तिथे आले ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. थंडीत वर स्वेटर, खाली साडीचा काचा मारलेला, अशा अवतारात आम्ही रविवारी सेक्टरच्या मैदानावर खेळायचो. सव्वीस जानेवारीला शेजारच्या पंजाबी बायकांशी सामना व्हायचा. त्या पळायला अशा की बघत राहावं, आणि आमचं हे साड्यांचं लटांबर. तरी बहुतेक वेळा आम्हीच जिंकायचो. सगळे म्हणायचे, मिरजकरणीमुळे. गडी मी टिपायचे ना. मीही मान ताठ करून फिरायचे, खोटं कशाला बोलू.

आमच्यात एक वहिनी होत्या, पिंजौरहून बसने यायच्या. मूळच्या अकोल्याच्या, वयाने आम्हा सगळ्यांत मोठ्या, अंगाने भरलेल्या. नवरा पिंजौरजवळच्या कारखान्यात, आणि त्या कारखान्याला दुसरी शाखाच नाही, तर बदली कुठून होणार! मंडळ सुरू झालं तेव्हापासून त्या खेळत होत्या. पण त्यांनी गडी बाद केलेला कुणाला आठवत नव्हता. त्या पळणाऱ्या बाईच्या मागे थोड्या धावायच्या, आणि ओळीत बसलेल्या आमच्यापैकी एकीच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हणायच्या. मग ती उठून पळायची आणि वहिनी तिच्या जागी बसायच्या. बस्स, एवढंच.

एकदा गणपतीच्या आधी भिंतीवरच्या फ्रेमा पुसायचं काम माझ्याकडे आलं. पुसता पुसता मी थबकले. प्रत्येक फोटोत, उठायच्या बेतात असलेल्या बाईच्या पाठीवर एक हात होता. त्यात नवल काही नव्हतं. फोटो काढणारे आमचे काका, त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यात पळणारी बाई पुसट यायची, म्हणून ते नेमके खो मिळाल्या क्षणी बटण दाबायचे. पण बहुतेक हातांच्या मनगटावर तेच मोठ्या तबकडीचं पुरुषी घड्याळ होतं. बस चुकू नये म्हणून वहिनी नवऱ्याचं घड्याळ बांधून यायच्या, ते.

झालं, माझ्या डोक्यात किडा शिरला. पुढच्या रविवारी मी मुद्दाम लक्ष ठेवलं. वहिनी उगाच खो देत नव्हत्या. दोन-तीन जणी सोडून पुढे जायच्या, पळणारीचा तोल एका बाजूला गेला की नेमकी त्या बाजूची बाई उठवायच्या. उठणारीला नुसता हात लांब करायचा असायचा. आणि हात लांब करण्यात मी पटाईत! मग खरी खेळाडू कोण? आणि खो देणारीला मान द्यायचा, तर जी कधी उठलीच नाही, नुसती जागा धरून बसली, तिचं काय? घोळत राहिलं हे मनात. आमचे हे वैतागून म्हणाले की आता झोपेतही तू खो देतेस.

शेवटी मी अध्यक्षीणबाईंना हाताला धरून भिंतीपुढे उभं केलं आणि एकेका फोटोतलं घड्याळ दाखवलं. बाई सरळ मनाच्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, पटतंय गं, पण नियम तो नियम. त्यांची बदली होऊ दे, दुसऱ्या दिवशी लावते. वहिनी मागे चिवड्याच्या पुड्या बांधत होत्या. त्या हसून म्हणाल्या, “म्हणजे मी गेल्याबिगर मी तुम्हाला दिसायची नाही.”

हसण्यावारी गेलं ते. पण बसपर्यंत पोचवायला गेले तेव्हा त्या हळूच बोलल्या. “मले तो लागलेला पाहायचा आहे गं. गेल्यावर कोणासाठी?” त्या भिंतीवरच्या एकीनेही स्वतःचा फोटो लागलेला पाहिला नव्हता, हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.

पुढच्या हिवाळ्यात आमची नागपूरला बदली आली. सव्वीस जानेवारीचा सामना माझा शेवटचा. आदल्या दिवशी मी काकांना गाठून सांगितलं की मी सांगेन तेव्हाच बटण दाबायचं. सामन्यात मी पळत गेले, वहिनींच्या पाठीवर हात ठेवला आणि जीव खाऊन ओरडले, खो! वहिनी दचकून उठल्या. त्यांनी गडी बाद केला असं काही नाही हं, पंजाबी बाई चक्क निसटली.

निरोपाच्या दिवशी फ्रेम मी स्वतःच घेऊन गेले. जाणारीचा फोटो, मग तो जाणारीने निवडलेला आणि तिच्यादेखत लागलेला, असं अध्यक्षीणबाईंना ठणकावलं. त्यांनी फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि खिळा ठोकायला सांगितलं. खाली माझं नाव. वर वहिनी, तोंड उघडं, डोळे मोठे, पदर सुटलेला. माझा फक्त हात, पाठीवर.

वहिनी कितीतरी वेळ समोर उभ्या होत्या. मला वाटलं आता रडतील. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला आणि अगदी जवळ जाऊन त्या हाताकडे पाहिलं.

“खो जरा उशिराच दिलास,” त्या म्हणाल्या. “मी केव्हाची बसून होती.”