मुकादमाची सलामी

मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये खरी मजा मारामारीची नसते, असं म्हटलं की लोक हसतात. हसोत बापडे. मी आयुष्यात फारशा गोष्टींत पारंगत झालो नाही, पण या एका बाबतीत मला अक्कल शिकवायला कुणी येऊ नये.

नव्वदीच्या शेवटाला बारामतीत एस.टी. स्टँडमागच्या गल्लीत एका तात्यांचं दुकान होतं. बाहेर सायकलचं पंक्चर काढायचे, आत पडद्यामागे गेमच्या दोन मशीन समोरासमोर. डाव्या भिंतीच्या मशीनवर आम्ही पॉलिटेक्निकची पोरं, उजव्या भिंतीच्या मशीनवर बाजाराला आलेले, मंडईतले, टेम्पोवाले. कुणी पाटी लावली नव्हती, पण डावीकडचे उजवीकडे जात नसत. दोन्ही मशीनमधले गडी वेगळे. त्यांची मूळ नावं परदेशी अक्षरांत होती, ती कुणाला वाचता येत नव्हती, म्हणून आम्ही बारसं उरकून टाकलं होतं. आमच्याकडचा मुख्य गडी जाळ्या, लांबून हातातून जाळ फेकणारा. त्यांच्याकडचा मुकादम, ढेरपोट्या, कमरेवर हात ठेवून उभा राहणारा आणि एकदा मिठीत घेतलं की हाडं मोजणारा.

जाळ्या भारी की मुकादम, यावर दोन वर्षं वाद चालला होता. निकाल लागणार कसा? प्रत्येकजण आपापल्या पेटीत बंद.

मग तात्यांनी दोन्ही मशीन देऊन टाकल्या आणि पुण्याहून एकच नवी आणली. तिच्यात दोन्हीकडचे गडी एकत्र होते. पहिल्या दिवशी पडद्यावर जाळ्यासमोर मुकादम येऊन उभा राहिला तेव्हा दोन्हीकडची पोरं टाचा उंचावून पुढे सरकली. आपल्या ओळखीची दोन माणसं, जी एकमेकांच्या जगात नव्हतीच, ती समोरासमोर उभी राहून एकमेकांकडे बघतायत, हे बघायची सवय डोळ्यांना नसते.

मजा तिथे होती. मुकादमाच्या जुन्या पेटीत जाळ नव्हताच. त्यामुळे अंगावर जाळ आला की काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. ते खेळणाऱ्याला स्वतः शोधावं लागे. जाळ्याला मिठीतून सुटायचं ठाऊक नव्हतं. शिवाय प्रत्येकाने दोन गडी घ्यायचे. एक लढतोय तोवर दुसरा पडद्याबाहेर. पहिला मार खाऊन अर्धमेला झाला की बटण दाबायचं, तो बाहेर पळायचा आणि दुसरा आत उडी मारायचा. बाहेर गेलेल्याच्या अंगात हळूहळू पुन्हा थोडा जीव भरायचा. तो नेमका जातो कुठे, असा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. पडद्याच्या कडेला काळा पत्रा होता, बस.

या नव्या मशीनवर माझ्या उजव्या हाताला उभा राहणारा माणूस तिथेच भेटला. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा असेल. इंदापूरकडून बाजाराच्या दिवशी टेम्पोतून उजनीचे मासे आणायचा आणि दुपारी पाट्या रिकाम्या झाल्या की तात्यांकडे यायचा. मी त्याला इंदापूर म्हणायचो, तो मला कन्हेरी, कारण मी कन्हेरीहून सायकलवर यायचो. नाव ना त्याने विचारलं, ना मी. त्याच्या हाताचा माशांचा वास मशीनच्या, गडी हलवायच्या उजव्या दांडीला कायमचा लागला होता.

त्याची एक खोड होती. प्रत्येक फेरी सुरू होताना तो दांडी दोनदा खाली ओढायचा. ढेरपोट्या मुकादम दोनदा खाली बसायचा नि उठायचा. तेवढ्यात माझा जाळ त्याच्या तोंडावर बसायचा, तरी त्याने ते सोडलं नाही.

"हे कशाला?" मी विचारलं.

"सलामी हाय. एकदा मातीला, एकदा जोडाला. आन् तुमी आमचं जोड."

कुस्तीतला जोड म्हणजे आपल्या तोलाचा, आपल्यासमोर लावलेला पैलवान. घरी मात्र आई चपलेच्या दोन पायांनाही जोडच म्हणायची. मला तो शब्द ऐकून बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

एकदा त्याने सांगितलं, त्यांचं मूळ गाव धरणात गेलंय. "गाव खाली, आमी वर. उन्हाळ्यात पानी उतरलं की उंबरं दिसत्यात. म्हातारी मानसं जाऊन आपापल्या उंबऱ्यावर बसून येत्यात." हे तो मुकादमाला जाळ चुकवायला लावत, पडद्यावरून नजर न काढता बोलला. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

दिवाळीच्या आधीच्या बाजारी आमची लढत लागली. पहिली फेरी माझी, दुसरी त्याची. तिसरी निकाली. भोवती पंधरावीस जण, डावीकडचे माझ्यामागे, उजवीकडचे त्याच्यामागे. तात्या बाहेर कुणाचं तरी चाक उघडून बसलेले. माझा एक गडी आडवा झाला होता आणि जाळ्याच्या अंगात चिमूटभर जीव उरला होता. मुकादम कमरेवर हात ठेवून चालत येत होता. आणि पडदा काळा झाला.

"लाईट गेली!" सगळे ओरडले आणि दाराचा पडदा सारून बाहेर पडले.

लाईट गेली नव्हती. मी घालवली होती. मशीनची वायर माझ्या पायाशी होती, पिन ढिली होती, आणि तात्या रोज बजावायचे की पाय लांब करू नका रे. मी पाय लांब केला. जाणूनबुजून केला. हरायची एवढी लाज मला का वाटली, हे आजही धड सांगता येत नाही, पण त्या क्षणी पायाने डोक्याला विचारलं नाही.

इंदापूर काळ्या पडद्याकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. बरोबरीत सोडवली म्हना. फुडच्या बाजारी निकाली करू. येतो."

पुढच्या बाजारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी मनाशी ठरवलं होतं की आला की खरं सांगून टाकायचं, आणि तो येत नाही याचं दोनदा मला हायसंही वाटलं. तिसऱ्या बाजारी तात्यांना विचारलं.

"त्यो मासंवाला व्हय?" तात्या ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. "त्यो पान्यात गेला म्हनं. दुसरा एक मासंवाला सांगत हुता."

तात्यांच्या हाताखालून एकेक बुडबुडा वर येत होता.

विचारणार तरी काय आणि कुणाला? मला त्याचं नाव माहीत नव्हतं. मुकादम खेळायचा तो, एवढ्यावर माणसाची चौकशी करता येत नाही. आणि मी त्याचा शेवटचा डाव पायाने विझवला होता.

तरी मी खेळायला गेलो. उजव्या बाजूला आमच्याच वर्गातला एकजण उभा राहिला. त्याने मौजेनं मुकादम घेतला. फेरी सुरू झाली आणि मुकादम दोनदा खाली बसला, उठला.

"सलामी कशाला केलीस?" मी विचारलं.

"कसली सलामी? मी हात पण लावला नाही अजून," तो म्हणाला आणि बोटं नाकाशी नेली. "वास कसला येतोय रे दांडीला?"

दुसऱ्या फेरीलाही मुकादम दोनदा बसला. तिसऱ्या फेरीसाठी मी थांबलो नाही. सायकल काढली ती कन्हेरी येईपर्यंत पायडल मारणं थांबवलं नाही. त्यानंतर मी ती गल्ली सोडली. स्टँडवर जायचं तर लांबून वळसा घालायचो. घरी म्हणालो, अभ्यास आहे. वडील एमआयडीसीत कामाला होते, पोरगा सुधारला म्हणून ते खूश झाले.

चैत्रात एका नातेवाइकाचं लग्न इंदापूरच्या पुढे, उजनीच्या काठाजवळच्या वस्तीवर होतं. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि मी उगीच पाय मोकळे करायला म्हणून पाण्याकडे चालत गेलो. उगीच कसला, पाय नेत होते. भर दुपार. पाणी पार उतरलं होतं. चिखलाला भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांतून भिंतींचे बुडखे वर आले होते. एक दगडी चौकट नुसतीच उभी होती, तिच्या आत पाणी आणि बाहेरही पाणी. पलीकडे गुडघाभर पाण्यात एक माणूस उभा होता, कमरेवर हात ठेवून.

मी बघत राहिलो. तो माझ्याकडे तोंड करून दोनदा खाली वाकला, उठला.

"ओ इंदापूर!" मी ओरडलो. पाण्यावरून माझाच आवाज परत आला. तो माणूस चौकटीच्या मागे सरकला आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आलाच नाही. चौकटीचा खांब वीतभर रुंदीचा, त्यामागे माणूस लपणं शक्य नव्हतं. मी किती वेळ थांबलो ठाऊक नाही. पाण्याला तरंगसुद्धा नव्हता. मग मात्र मी पळालो, बूट चिखलात राहिला तरी वळलो नाही. मांडवात एका पायात बूट घालून आलेल्या पाव्हण्याला पाहून सगळे हसले, आणि मीही हसलो.

त्यानंतर मात्र मला राहवेना. भीती होतीच, पण तिच्यापेक्षा लाज मोठी झाली होती. त्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी मी तात्यांकडे गेलो. दुकानासमोर कुणी नव्हतं. ऊन मी म्हणत होतं. पडदा सारला, आणि बाहेरच्या उजेडातून आत आल्यामुळे मला मशीनच्या पडद्याखेरीज काही दिसेना.

पडद्यावर दोघांची लढत चालू होती. डावीकडे जाळ्या. उजवीकडे मुकादम. मुकादम दोनदा खाली बसला, उठला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. जाळ्या हलला नाही. मुकादमही हलला नाही. वरचे आकडे एकेक करून उतरत होते, आणि दोघांच्या अंगात सगळाच्या सगळा जीव शाबूत होता. वेळ संपली. फेरी बरोबरीत. पुन्हा नवी फेरी, पुन्हा दोनदा सलामी, पुन्हा तेच उभं राहणं. डावीकडच्या दांडीपाशी कुणीच नव्हतं.

हळूहळू अंधार निवळला, आणि उजवीकडच्या दांडीपाशी उभी असलेली आकृती वळली.

"आला का कन्हेरी?" तो म्हणाला.

माझ्या तोंडून शब्द फुटला तो भलताच. "तुम्ही पाण्यात गेला होता ना?"

"व्हय, गेलतो की." त्याने माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं. "रोज जातो. धंदाच हाय त्यो. दादाची कंबर धरली, मग होडीवर मीच. बाजाराला मेव्हना यायचा."

मी तिथल्या मोडक्या स्टुलावर बसलो आणि हसायला लागलो. हसता हसता डोळ्यांत पाणी कधी आलं, मला समजलं नाही. इंदापूरवाले मासेवाले कामावर गेलेल्याला पाण्यात गेला म्हणतात, आणि आम्ही विहिरी-कॅनॉलकडची माणसं त्याच शब्दांवर रडायला बसतो. सहा महिने मी एका जिवंत माणसाचं सुतक पाळत होतो. दांडीचं म्हणाल तर तीही जादू नव्हती. त्याने हजार वेळा खाली ओढून ओढून तिची आतली पत्ती सैल केली होती, हे तात्यांनी पुढे ती उघडली तेव्हा दिसलं. फेरी सुरू झाली की ती आपणहून दोनदा टेकायची.

"परवा तुम्ही दगडी चौकटीपाशी पाण्यात उभे होता," मी म्हणालो. "मी हाक मारली."

"चौकटीपाशी? न्हाय बा. तितं आमी जाळं टाकत न्हाय. तितं कुनीच जात न्हाय."

हे तो अगदी साधेपणानं बोलला. मग पाण्यात उभा होता तो कोण, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही.

"आणि हे काय चाललंय?" मी पडद्याकडे बोट केलं. "दोन्हीकडून तुम्हीच? आणि मारत का नाही?"

"जोड आलं न्हाय तर आखाड्यात उभं ऱ्हायचं. मोकळ्या गड्याला मारून कुस्ती निकाली हुती व्हय? मी पुन्ना यायला लागल्याला आज तिसरा बाजार हाय. तात्या म्हनं, याचं डोस्कं फिरलंय."

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. "इंदापूर, ऐका. त्या दिवशी लाईट..."

"लाईट गेली न्हवती," तो म्हणाला. "पंखा फिरत हुता की."

मी वर बघितलं. पंखा आत्ताही फिरत होता, तसाच करकरत. त्या दिवशी वीस माणसांत एकानेही वर पाहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही. त्याने पाहिलं होतं, आणि तरी बरोबरीत सोडवली होती.

"मग बोलला का नाही?"

"एवढ्या मानसांत?" त्याने डोकं हलवलं. "चला, हुबं ऱ्हावा."

मी डाव्या दांडीपाशी गेलो. त्याने आधी वाकून जमिनीवरची वायर उचलली, माझ्या पायापासून लांब भिंतीच्या कडेला नेऊन ठेवली आणि वर एक वीट ठेवली. मग फेरी सुरू झाली. मुकादम दोनदा खाली बसला, उठला. मी पहिल्यांदाच जाळ फेकला नाही. मीही दांडी दोनदा खाली ओढली.